इथे कोणी राहत नाही

आधीच माफी मागतो. लढाई, त्यात लपलेली माणसं आणि त्यांना लपवणारी माणसं, या विषयावर लिहिणारे लोक वेगळे असतात. त्यांनी पुष्कळ वाचलेलं असतं, ते त्या देशांत राहून आलेले असतात. मी परतूरचा. वडील मोंढ्यात हमाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि युरोपातल्या त्या लढाईबद्दल मला शाळेच्या पुस्तकात होतं तेवढंच माहीत होतं, तेही परीक्षेपुरतं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना हे कळलं तर त्या पहिला प्रश्न विचारतील, "तुला हे लिहायला कोणी सांगितलं?" म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. निखिल आणि मी आपसात त्यांना 'बाई' म्हणायचो, तेच इथे लिहितो. आमचं त्यांच्याशी बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं इंग्रजी डच वळणाचं, माझं परतूर वळणाचं. ते मराठीत आणताना कुठे कमीजास्त झालं असेल, तर ते माझ्याकडून झालं आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या ज्या गावात मी शिकायला गेलो त्या गावाचंच नाव स्टेट कॉलेज आहे. आईला अजूनही वाटतं की मी अमेरिकेतल्या सरकारी कॉलेजात शिकलो, आणि मीही तो समज कधी दुरुस्त केला नाही. बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने होता. नागपूरचा निखिल आणि मी तो बघायला गेलो. बेल वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. बाजूच्या खिडकीचा पडदा बोटभर हलला. मग आतून आवाज आला, "इथे कोणी राहत नाही."

"मॅम, आम्ही खोली बघायला आलोय," निखिल म्हणाला. "काल फोन केला होता."

"किती जण?"

"दोघं."

"रस्त्यावर उभं राहा. मला दिसेल असं."

आम्ही जाऊन रस्त्यावर उभे राहिलो. खूप वेळाने दार उघडलं. उंच, ताठ बाई, ऐंशीच्या बऱ्याच पुढच्या, हातात काठी; पण ती टेकायला नव्हे, शाळेतल्या मास्तरांसारखी नुसती धरलेली. त्यांनी आधी निखिलला विचारलं, काय शिकतोस. निखिल म्हणाला, धातू. ते त्यांना पटलं. मग माझ्याकडे वळल्या.

"स्टॅटिस्टिक्स," मी म्हणालो.

"म्हणजे काय करायचं?"

"माहिती गोळा करायची. मोजायची."

"काय मोजायचं?"

"काहीही. आजारी माणसं, पाऊस, घरात किती जण राहतात..."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. "मोजणारा माणूस," त्या म्हणाल्या, "कधी कोणाच्या चांगल्यासाठी मोजत नाही."

खोली हातची चालली होती. निखिल माझ्या पायावर पाय देत होता. घाबरून माझ्या तोंडून जे आलं ते असं, "आमच्या घरी आई भाकरी मोजत नाही. मोजल्या की बरकत जाते म्हणते. कोणी किती खाल्ल्या तेही मोजायचं नाही."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुझी आई शहाणी आहे," त्या म्हणाल्या. "तुझं मला माहीत नाही." आणि किल्ली निखिलच्या हातात दिली.

त्या घरात राहणं म्हणजे कायम कोणीतरी बघतंय असं वाटत राहणं. बाई ब्रेडचा एक लोफ एका दुकानातून आणायच्या आणि दुसरा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून, मधे कॅम्पसची बस बदलून. का, ते सांगायच्या नाहीत. पत्र आलं की पाकिटावरचा पत्ता फाडून वेगळ्या पिशवीत टाकायच्या. आमच्याशी महत्त्वाचं काही बोलायचं असेल, म्हणजे नळ गळतोय वगैरे, तर आधी रेडिओ मोठा करायच्या. फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. रस्त्यावरून कुत्रं घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याने "काय, कशा आहात?" म्हटलं तरी त्या विचारायच्या, "का?"

आमच्या गैरहजेरीत त्या वर येत असाव्यात असा आम्हाला संशय होता. सिंकशेजारी पालथे घातलेले कप आम्ही ठेवले तसे नसायचे. रात्री कोणी मित्र जेवायला आला, की सकाळी जिन्यात बाई भेटणार आणि म्हणणार, "काल कपांत एक जास्त होता."

"अबे, ही मोजू नको म्हणते अन् स्वतः मोजून राहिली," निखिल म्हणायचा.

मला ते तेव्हा विसंगत वाटलं. आता वाटत नाही. पोलिसाला चुकवायचं असेल तर पोलिसासारखा विचार करावा लागतो, एवढंच ते होतं.

गावात एक निवृत्त डॉक्टर होते, आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. गणपतीला सगळ्या मराठी मुलांना ते घरी बोलवायचे. आम्ही बाईंचं घर सांगितल्यावर त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला.

"तिथे राहता? बी केअरफुल. ती जर्मन आहे."

"डच आहे म्हणते, काका," निखिल म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात. लढाई संपल्यावर यातले कितीतरी लोक इकडे आले, नावं बदलून. बोलत नाही ना ती लढाईबद्दल? बघ म्हणजे."

"अहो, पोरगी असेल ती तेव्हा," काकू आतून म्हणाल्या.

"बाप असेल ना पण! बाप काय करत होता ते विचारा म्हणावं."

मी काकांना नावं ठेवत नाही. मीही त्या रात्रीपासून बाईंकडे तसंच बघायला लागलो. पडदे कायम ओढलेले. भिंतीवर एकही फोटो नाही. कोणी गावाचं नाव विचारलं तर "लहान होतं" एवढंच उत्तर. मला वाटायला लागलं की हे घर कशाला तरी झाकून उभं आहे. भाडं द्यायला खाली गेलो की मी खोलीत इकडेतिकडे बघायचो, आणि मी बघतोय हे बाई बघायच्या.

मग एका दुपारी मी बसमधून उतरून आलो, तर आमच्या पायरीवर एक अनोळखी बाई बसलेल्या. पन्नाशीच्या, मांडीवर बेकरीचा खोका. आतून रेडिओचा मोठा आवाज येत होता.

"त्या आत आहेत," त्या मला म्हणाल्या. "बेल चार वेळा वाजवली."

"त्या लवकर उघडत नाहीत," मी म्हणालो.

"माहीत आहे. माझे वडील सांगायचे, त्या घराचं दार पहिल्या बेलला कधीच उघडत नसे. ते घर म्हणजे हे नाही. तिकडचं." आणि मग त्यांनी मला, ओळखदेख नसताना, सगळं सांगितलं. त्यांचे वडील ज्यू. लढाईत सहा वर्षांचे होते. जर्मनांनी डचांचा देश ताब्यात घेतला आणि ज्यूंना घराघरातून उचलून न्यायला लागले, तेव्हा ते, त्यांची आई आणि म्हातारे आजोबा एका घराच्या माळ्यावर लपून राहिले. ते घर बाईंच्या आईवडिलांचं. सापडले असते तर लपलेले गेले असतेच, पण लपवणारेही वाचले नसते.

"वडील मागच्या वर्षी गेले," त्या म्हणाल्या. "त्यांची एकच इच्छा होती. अशा लोकांची नावं दगडात कोरून ठेवतात, जेरुसलेममध्ये. त्यासाठी घरातल्या कोणीतरी घडलं तसं सांगावं लागतं. त्या घरातल्या आता या एकट्याच उरल्यात."

मी दाराकडे गेलो. म्हणालो, "मॅम, मी आहे. बाहेर पाहुण्या आल्यात. त्यांचे वडील तुमच्या घरी..."

"इथे कोणी राहत नाही!" आतून आवाज आला.

तो आवाज मला ऐंशी-नव्वदीच्या बाईचा वाटला नाही. पाहुण्या उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या. "हे वाक्यसुद्धा वडिलांनी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "खाली कोणी आलं की ती छोटी मुलगी असं ओरडायची, आणि वर यांना कळायचं की श्वास धरायचा." त्यांनी खोका माझ्या हातात दिला, स्वतःचा नंबर दिला आणि गेल्या.

मी खोका बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो उघडला नाही. "काय सांगितलं तिने?"

"की तुमचे आईवडील फार शूर होते."

"आणि?"

"एवढंच."

"मग तिला काही माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

त्या दिवशी डॉक्टरकाकांचं म्हणणं माझ्या डोक्यातून गेलं. पण खरं सांगायचं तर संशय गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आपल्या आईबापाचा मान कोण नाकारतं? नाकारायला काहीतरी कारण लागतं. निखिल म्हणाला, "सोड ना यार, म्हातारी आहे, तऱ्हेवाईक आहे." मला सोडता येईना.

उन्हाळा आला. घरामागे गवताचा तुकडा होता आणि त्यात दोन लोखंडी खांब, वर आडवी पट्टी असलेले, कपडे वाळत घालायचे. पूर्वी कोणीतरी रोवलेले. दोरी नव्हती. तळघरात ड्रायर होता, पण ड्रायरने माझे कपडे आटायचे, आणि बाहेर एवढं कोरडं ऊन असताना यंत्र कशाला लावायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. मी दोरी आणली, खांबांना बांधली, कपडे घातले. आणि आतले कपडे घातले आईने शिकवले तसे. परतूरला आमची दोरी रस्त्यावरच आहे. आई तिचे आतले कपडे कधी उघड्यावर वाळत घालत नाही. आधी ते दोरीवर, मग त्यांच्यावर टॉवेल किंवा चादर. बाहेरून दिसायला चादर. मला आणि भावालाही तीच सवय. मराठी घरांत हे सगळीकडेच असेल, मी कधी विचार केला नव्हता. मी माझ्या बनियन-चड्ड्यांवर माझी चादर टाकली, चिमटे लावले आणि वर जाऊन अभ्यासाला बसलो.

थोड्या वेळाने निखिल खिडकीतून म्हणाला, "अबे, खाली ये. बाई तुझ्या चादरीला मारून राहिली."

बाई मारत नव्हत्या. त्या काठीच्या टोकाने चादर उचलत होत्या. हळूच, आत कोणी असेल तर त्याला कळू नये अशा. मी धावत गेलो तेव्हा चादर अर्धी वर झाली होती, आणि खाली माझी सगळी लाज ओळीने लोंबत होती. निखिल खिडकीत पोट धरून हसत होता.

बाई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे असं घालायला तुला कोणी शिकवलं?"

"आईने."

"तुझी आई कोणाला लपवत होती?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "कोणालाच नाही, मॅम. हे... लाज वाटते म्हणून. लोकांना दिसू नये."

"लोकांना दिसू नये," त्या म्हणाल्या. मग काठी गवतावर टाकून त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणायला निघालो तर म्हणाल्या, "रेडिओ लाव." मी आत जाऊन रेडिओ मोठा केला. मग त्या बोलल्या. एकदाच बोलल्या, मी ते तसंच लिहितो आहे.

त्यांच्या गावात सोमवारी सगळ्यांचं धुणं असे. सगळ्या घरांच्या दोऱ्या मागच्या अंगणात, एकमेकींना दिसणाऱ्या. कोणाच्या घरात किती माणसं ते दोरीवरून कळे. म्हणून माळ्यावरच्यांचे कपडे माळ्यावरच वाळत. पण त्या हिवाळ्यात छत गळत होतं, वर काही वाळेना. मुलाच्या अंगात ताप, आणि त्याचा सदरा एकच. बाईंच्या आईने तो धुतला आणि दोरीवर दोन चादरींच्या मधे घातला.

"आत सदरा, अलीकडे चादर, पलीकडे चादर," बाई म्हणाल्या. "आई म्हणाली, तासाभरात काढू. काढायला गेली तर दोन्ही चादरी होत्या. सदरा नव्हता."

"वाऱ्याने उडाला असेल."

"चिमटे परत दोरीला लावलेले होते. वारा चिमटे परत लावतो?"

मी दोरीवरच्या चिमट्यांकडे पाहिलं.

अंगणापलीकडच्या घरात एक शिवणकाम करणारी बाई एकटी राहत असे. तिच्याकडे सगळेच कपडे शिवायला देत, जर्मन अधिकारीसुद्धा. तिचा पडदा हललेला बाईंच्या आईने पाहिला. बाई तिचं नाव घेत नसत. 'समोरची' म्हणत.

"आईने त्याच संध्याकाळी तिघांना बीटच्या गाडीत बीटांखाली लपवून मामाच्या शेतावर पाठवलं. गारठ्यात. म्हातारे आजोबा शेतावर गेले आणि त्याच आठवड्यात वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक आले. आमच्या गल्लीतल्या एकेका घराची झडती झाली. आमच्या माळ्याचीसुद्धा. रिकामा होता."

"म्हणजे समोरचीने सांगितलं?"

"आई म्हणाली, सांगितलं. पुरावा म्हणून सदरा नेला आणि दाखवला. लढाई संपल्यावर, सगळे चर्चमधून बाहेर येत असताना, आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, हिने म्हाताऱ्याला मारलं. मी आईचा हात धरून उभी होते. मीही बोट दाखवलं. आईने दाखवलं म्हणून. त्यानंतर त्या बाईकडे कोणी साधी बाही टाचायला दिली नाही. मुलं तिच्या दारावर शेण फासायची. ती तिथेच राहिली. खिडकी लावून."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही."

रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मग त्या म्हणाल्या, "सगळे येतात आणि म्हणतात, तुझी आई शूर. होती. मला माहीत आहे, मी त्या घरात होते. पण समोरचीने केलं नसेल तर? मग माझ्या आईने एक घर वाचवलं आणि एक घर मोडलं. दगडात पहिलं तेवढं कोरायचं? मला जर नक्की कळलं असतं की तिनेच केलं, तर मी केव्हाच त्या मुलीला सांगितलं असतं, कोरा."

तेव्हा मला कळलं की त्या दाराआड काय होतं. बाईंना त्या मानाची भीती नव्हती. ऐंशी वर्षं त्या एका सदऱ्याचा हिशोब लावत बसल्या होत्या आणि तो लागत नव्हता.

मी जे बोललो ते बोलायला नको होतं की हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. आमच्याकडे कोणाची वस्तू हरवली, कोणाचा कोणावर वहीम गेला, की आई म्हणते, "पोटात ठेवू नाही. तोंडावर इचारावं अन् मोकळं व्हावं." तेच माझ्या तोंडून आलं.

"तिला कोणी विचारलं का? सदरा तू घेतलास का, म्हणून?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लढाईत कोणी कोणाला काही विचारत नाही. ज्याला माहीत नसतं तो सुरक्षित असतो."

"लढाईनंतर?"

त्या उठल्या. काठी उचलली. आत जाऊन रेडिओ बंद केला, आणि दार लावताना म्हणाल्या, "दोरी काढ."

मी दोरी काढली. त्यानंतर वर्षभर, मी ते घर सोडेपर्यंत, बाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. निघताना मी पाया पडायला वाकलो, तर त्या पटकन बाजूला झाल्या. बहुतेक त्यांना वाटलं मी जमिनीवर काहीतरी शोधतोय. "किल्ली," त्या म्हणाल्या. मी किल्ली दिली. मग, मी टॅक्सीत बसलो असताना, त्या रस्त्यापर्यंत आल्या. रस्त्यापर्यंत येणं हे त्यांच्यासाठी फार होतं. काच खाली करायची खूण केली.

"तू विचारलंस ते वाईट केलंस," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "सॉरी, मॅम."

"सॉरी म्हणू नकोस. मला झोप लागत नाही एवढंच सांगितलं."

मला नोकरी बॉथेलला लागली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. औषधांच्या कंपनीत. कोणतं औषध किती जणांना लागू पडलं ते मोजतो, आणि मोजताना बाईंचं वाक्य अधूनमधून आठवतं. पाहुण्यांचा नंबर मी निघताना निखिलकडे ठेवला होता. निखिलची पीएचडी लांबली, तो त्याच घरात राहिला. त्याचा फोन आला की मी आधी बाईंची चौकशी करायचो. तो म्हणायचा, "आहे ना. अजूनही कप मोजते."

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी पार्किंगमध्ये गाडीत डबा खात होतो. निखिलचा फोन आला.

"बसला आहेस ना?"

"काय झालं? बाई?"

"ऐक तर. मागच्या महिन्यात बाईने मला खाली बोलावलं. रेडिओ लावला. म्हणते, त्या खोकेवाल्या बाईला फोन लाव. मी लावला. तर बाई तिला म्हणते, तू तिकडे आमच्या गावात जा, समोरच्या घरात विचार. बस. फोन ठेवला."

"मग?"

"मग ती गेली. ती शिवणारी बाई कधीच वारली होती. घरात तिच्या भाचीची मुलगी राहते. हिने दारात उभं राहून विचारलं, की लढाईत मागच्या अंगणातून एक सदरा गेला होता, तुम्हाला काही माहीत आहे का. अबे, ती पोरगी आत गेली अन् घेऊन आली! कपाटात होता. इस्त्री केलेला, घडी घालून. ती म्हणाली, आजी सांगून गेली होती, कोणी विचारायला आलं तर द्यायचा. आजी म्हणायची, त्या दिवशी तिच्याकडे एक अधिकारी कोट घ्यायला आला होता, उद्या या गल्लीची झडती होणार असं बोलून गेला. तिने खिडकीतून पाहिलं, चादर हलली तेव्हा आत लहान मुलाचा सदरा. त्या घरात लहान मुलगा नाही. जाऊन काढून आणला. परत द्यायला गेली असती तर आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं."

"आणि लढाईनंतर? तेव्हा का नाही सांगितलं?"

"ते त्या पोरीलाही माहीत नाही. एवढंच म्हणाली, विचारायला कोणी आलंच नाही."

माझ्या हातातली पोळी तशीच राहिली होती. पण मी शेवटी मोजणारा माणूस. मी म्हणालो, "निखिल, जुन्या घरात जुना सदरा सापडणं म्हणजे काही सिद्ध नाही. शिवणारीच होती ती. कोणाचाही असेल."

"अगदी हेच बाई म्हणाली!" निखिल हसला. "व्हिडिओवर होतो आम्ही. मी फोन धरला होता, बाईने स्वतः चिकटपट्टी काढून दिली. म्हणते, कोपर दाखवा. तिकडे त्यांनी डावी बाही धरली. ही ओरडली, उजवी! उजवी दाखवली. ठिगळ होतं, निळ्या चौकटींचं. बाई म्हणाली, आमच्या स्वयंपाकघराच्या पडद्याचं आहे. आईने कापलं होतं. मग म्हणाली, वरचं बटण दाखवा. बटण वेगळं होतं, बाकीच्यांपेक्षा. बाई म्हणते, हे तुटलेलं होतं. आम्ही धुतला तेव्हा हे नव्हतं."

मी डबा बाजूला ठेवला.

"मग कोरायचं नाव? काही म्हणाल्या?"

"म्हणाली, जे झालं ते सगळं सांगणार, चर्चपाशी काय झालं तेही. आणि आईचं नाव घालायचं तर समोरचीचंही घालायचं, नाहीतर कोणाचंच नको. त्यांना जमेल की नाही माहीत नाही, आपली अट तीच. मी म्हणालो ना, तऱ्हेवाईक आहे."

"आणि सदरा?"

"तेच सांगायला फोन केला. काल पार्सलने आला. बाईने मला पार्सल फोडायला लावलं, स्वतः लांब उभी राहिली. मग मला म्हणाली, तुझ्या मित्राची दोरी कुठे आहे? तुझी दोरी तिने तळघरात ठेवली होती, गुंडाळून. ती मागे नाही बांधायची म्हणाली. पुढे. रस्त्याच्या बाजूला, पोर्चच्या खांबापासून झाडापर्यंत. मी बांधली. तिने स्वतः सदरा धुतला आणि घातला. एकटाच. अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही."

"मग?"

"मग तो कुत्रेवाला आला ना, नेहमीचा. थांबला. म्हणाला, छान आहे, कोणाचा? मला वाटलं, आता ही म्हणणार, तुला का सांगू. अन् बाई पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेली. म्हणाली, 'एका लहान मुलाचा. आलेटाने सांभाळला.' तो बिचारा म्हणाला, आलेटा कोण? तर बाई म्हणाली, 'आमची शेजारीण.' मग म्हणते, वर या, बसा, सांगते."